जुना संगणक सुरू होईना तेव्हा: हार्ड डिस्क आणि बूटचे बिघाड क्रमाने कसे शोधावेत

विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, तरीही या दोन प्रणालींवर चालणारे संगणक आपल्याकडे अजून रोज सकाळी सुरू होतात. छापखान्यात पाने लावण्याचा पेजमेकर हा प्रोग्रॅम आणि श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असतात, हिशेबनिसाकडे मागच्या पंधरा वर्षांची टॅलीची खाती असतात, एखाद्या कारखान्यात जुन्या यंत्राला जोडलेले सॉफ्टवेअर असते, आणि यांपैकी काही कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावलेल्या डाँगलशिवाय, म्हणजे परवान्याच्या चावीशिवाय, उघडतच नाही. असा संगणक हौसेने नव्हे, तर गरजेने जपलेला असतो. तो एके दिवशी काळ्या पडद्यावर पांढरी ओळ दाखवून थांबतो, आणि दुरुस्तीच्या दुकानात पहिला सल्ला बहुधा ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असा मिळतो.

तो सल्ला लगेच मान्य करू नये. संगणक सुरू न होण्याचे कारण पुष्कळदा डिस्कच्या बाहेर असते, आणि डिस्कमध्ये असले तरी आतल्या फाइली बहुतेक वेळा जागेवरच असतात. या लेखातील सगळा क्रम एकाच गोष्टीवर उभा आहे: दुरुस्तीची जवळपास प्रत्येक आज्ञा डिस्कवर काहीतरी लिहिते, आणि मोडकळीस आलेल्या डिस्कवर लिहिणे म्हणजे उरलेला डाटाही पणाला लावणे होय, म्हणून बिघाड कुठे आहे ते काहीही न लिहिता पाहावे, मग डाटा बाहेर काढावा, आणि त्यानंतरच दुरुस्तीला हात घालावा.

एका परिचितांच्या छापखान्यात दिवाळी अंकाचे काम ऐन भरात असताना त्यांचा विंडोज ७ चा संगणक मध्येच अडकू लागला. कोणीतरी सुचवले म्हणून त्यांनी रात्री चेकडिस्क ही डिस्क तपासणारी विंडोजची आज्ञा दुरुस्तीच्या पर्यायासह लावली आणि सगळे घरी गेले. सकाळी मी पोहोचलो तेव्हा संगणक सुरू झालेला होता, पण डी ड्राइव्हवर ‘फाउंड.०००’ नावाचा फोल्डर तयार झाला होता आणि त्यात ‘फाइल’ या शब्दापुढे नुसते आकडे असलेल्या फाइलींची रांग लागली होती. पेजमेकर त्यांतली एकही फाइल उघडेना. चेकडिस्कने तिचे काम चोख केले होते. फाइल सिस्टीम सुसंगत करणे एवढेच ते काम असते, आपली पाने वाचवणे हे नव्हे. आदल्या संध्याकाळी डिस्क काढून पानांची प्रत घेतली असती तर पुढचे चार दिवस वाचले असते.

गाडी कुठे अडते ते आधी ठरवा

वीज सुरू केल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत, म्हणजे बूट होताना, काम एका हातातून दुसऱ्या हातात जात असते. प्रथम मदरबोर्डवरील बायोस ही सुरुवातीची प्रणाली मेमरी, कीबोर्ड आणि डिस्क तपासते. मग ती ठरलेल्या क्रमाने एकेक साधन पाहते आणि डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे साठवणुकीचा पहिला लहान तुकडा, वाचते. हा सेक्टर केवळ ५१२ बाइटचा असतो: ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनच्या (डिस्कच्या विभागांच्या) नोंदींसाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी. यालाच मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. तेथील प्रोग्रॅम ‘ॲक्टिव्ह’ अशी खूण असलेले पार्टिशन शोधतो, त्या पार्टिशनचा बूट सेक्टर एक्सपीमध्ये एनटीएलडीआर आणि विंडोज ७ मध्ये बूटमॅनेजर ही फाइल उचलतो, आणि मग विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर चढू लागतात.

हे लक्षात ठेवण्याचे कारण असे की, पडद्यावरचा संदेश कोणी लिहिला आहे यावरून गाडी कोणत्या स्थानकापर्यंत पोहोचली ते कळते. म्हणून पहिली कृती म्हणजे त्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढणे. ‘काहीतरी इंग्रजीत येत होते’ एवढ्या आठवणीवर पुढचे निदान होत नाही.

पडद्यावर काहीच येत नसेल, किंवा नुसते बीप वाजत असतील, तर प्रश्न हार्ड डिस्कचा नसण्याचीच शक्यता जास्त आहे. बायोसचे अक्षर दिसण्यासाठी डिस्क लागतच नाही. अशा वेळी रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी संपर्क साध्या खोडरबराने हलके पुसावेत, ब्रशने स्लॉटमधील धूळ काढावी आणि पट्टी दोन्ही कडांचा टक असा आवाज येईपर्यंत बसवावी. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात असे मी म्हणणार नाही, पण त्या इतक्या वेळा मिटलेल्या पाहिल्या आहेत की ही पायरी मी कधीही वगळत नाही.

‘डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टीम डिस्क अँड प्रेस एंटर’, ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड’ हे बायोसचे शब्द आहेत. तिला एकतर डिस्क दिसली नाही किंवा दिसलेल्या डिस्कवरून सुरू करण्याजोगे काही सापडले नाही. ‘इनव्हॅलिड पार्टिशन टेबल’ आणि ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम’ हे पहिल्या सेक्टरमधील प्रोग्रॅमचे शब्द आहेत, म्हणजे डिस्क वाचली गेली पण पुढचा पत्ता चुकला. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’, ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ आणि ‘अ डिस्क रीड एरर ऑकर्ड’ हे पार्टिशनच्या बूट सेक्टरचे शब्द आहेत. निळा पडदा आला तर विंडोज निदान चढू लागली होती.

यापैकी कोणताही संदेश असो, आधी संगणकाला लावलेला प्रत्येक पेनड्राइव्ह, कार्ड रीडर आणि बाहेरची हार्ड डिस्क काढावी, सीडीचा ट्रे रिकामा आहे ना ते पाहावे आणि पुन्हा सुरू करावे. बूटच्या क्रमात यूएसबी आधी असेल, तर आत फक्त फोटो असलेला पेनड्राइव्हसुद्धा ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ असे सांगू शकतो, कारण तो संदेश पेनड्राइव्हच्या बूट सेक्टरमधून आलेला असतो.

कान देऊन ऐका

यानंतर पडद्याकडे न पाहता कॅबिनेटकडे कान द्यावेत. धड डिस्क सुरू होताना हलकीशी घरघर चढत जाऊन एका सुरात स्थिर होते आणि कॅबिनेटला हात लावल्यास बारीक कंप जाणवतो. कंपच नसेल तर तिला वीज मिळत नाही किंवा तिची मोटर वा सर्किट गेलेले आहे. ठरावीक अंतराने टक, टक, टक असा आवाज येऊन डिस्क थांबत आणि पुन्हा सुरू होत असेल, तर आतले हेड आपली जागा शोधू शकत नाहीत.

असा टकटक आवाज ऐकू आला आणि आतला डाटा मोलाचा असेल, तर त्याच क्षणी संगणक बंद करावा आणि पुन्हा ‘एकदा बघू’ म्हणून सुरू करू नये. हेड आणि तबकडी यांच्यातील अंतर काही नॅनोमीटर इतकेच असते. बिघडलेले हेड प्रत्येक फेरीत तबकडीवरील चुंबकीय थर खरवडू शकते, आणि खरवडलेला थर कोणत्याही प्रयोगशाळेत परत येत नाही. डिस्कचे झाकण घरी उघडणे आणि डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणे हे दोन उपाय अजूनही ऐकायला मिळतात. दोन्ही टाळावेत. पहिल्यात धूळ आत जाते, आणि दुसऱ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, बाहेर काढताच थंड धातूवर पाणी धरते. अशी डिस्क स्वच्छ कक्ष असलेल्या डाटा रिकव्हरी केंद्राकडेच द्यावी, आणि काम स्वीकारण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा.

कॅबिनेट उघडून करायची तपासणी

आवाज नेहमीसारखा असेल तर संगणक बंद करून भिंतीवरची पिन काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरू द्यावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि मगच आत हात घालावा.

साटा या अलीकडच्या जोडणीच्या डिस्कला दोन जोड असतात: सात संपर्कांची डाटा केबल आणि पंधरा संपर्कांची विजेची केबल. दोन्ही काढून पुन्हा बसवाव्यात. डाटा केबल स्वस्त असते आणि तिचे टोक वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सैल पडते, म्हणून शंका आल्यास ती सरळ बदलावी आणि मदरबोर्डवरील दुसऱ्या पोर्टला लावून पाहावी. त्याहून जुन्या आयडीई डिस्कची केबल रुंद आणि चपटी असते. एकाच केबलवर डिस्क आणि सीडी ड्राइव्ह असतील तर डिस्कच्या मागच्या जंपरवर (पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोपीवर) एक मास्टर आणि दुसरा स्लेव्ह असला पाहिजे. दोघांचेही जंपर मास्टरवर असतील तर बायोसला दोघेही दिसेनासे होऊ शकतात. सीडी ड्राइव्हची केबल तात्पुरती काढून फक्त हार्ड डिस्क जोडून पाहणे हा सर्वांत सोपा पडताळा आहे.

मग वीजपुरवठा. डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि तिचे सर्किट ५ व्होल्टवर चालते. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, मोकळ्या चार पिनी जोडात मल्टीमीटरचा काळा काटा काळ्या तारेत ठेवून पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान आकडा यायला हवा. हे मोजमाप संगणक चालू असताना घ्यायचे असल्याने काटे एकमेकांना लागू न देण्याची काळजी घ्यावी, आणि एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये, कारण त्यातील कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही धोकादायक वीज साठून राहते. मदरबोर्डवरील कपॅसिटरची डोकी फुगलेली किंवा तपकिरी द्रवाने माखलेली दिसली, तर डिस्कवर संशय घेण्याआधी मदरबोर्डची व्यवस्था पाहावी.

आता त्या नाण्याएवढ्या बॅटरीकडे यावे, कारण जुन्या संगणकात सर्वांत जास्त दिशाभूल तीच करते. सीआर२०३२ ही तीन व्होल्टची बॅटरी वीज नसताना बायोसची घड्याळवेळ आणि सेटिंग सांभाळते. ती संपली की रात्री पिन काढलेला संगणक सकाळी कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. तारीख चुकणे त्रासाचे असले तरी खरी अडचण वेगळीच आहे: तारखेबरोबर बूटचा क्रम आणि साटा पोर्टची पद्धतही कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंगवर जाते. विंडोज बसवताना ही पद्धत एएचसीआय ठेवलेली असेल आणि बॅटरी गेल्यावर ती आयडीई झाली, किंवा उलट झाले, तर विंडोजकडे त्या क्षणी लागणारा ड्रायव्हर तयार नसतो. लोगो दिसतो, क्षणभर निळा पडदा चमकतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो. त्या निळ्या पडद्यावर शून्य, एक्स आणि बऱ्याच शून्यांनंतर ७बी असा आकडा असतो.

मी एका ग्रंथालयातील असा संगणक पाहिला आहे, ज्याची डिस्क दुकानदाराने बाद ठरवली होती. बायोसमध्ये गेलो तर तारीख १ जानेवारी २००९ होती. साटाची पद्धत आयडीईवरून एएचसीआयवर आणली, बदल जतन केला, आणि विंडोज ७ जणू काही झालेच नाही अशी सुरू झाली. नवी बॅटरी पन्नास रुपयांच्या आत मिळाली. म्हणून ७बी दिसल्यास फॉरमॅटचा विचार करण्यापूर्वी बायोसमधील तारीख पाहावी, आणि संगणक ठीक चालत असतानाच बायोसच्या प्रत्येक पानाचा एक फोटो काढून ठेवावा.

बायोसमध्ये गेल्यावर डिस्कचे नाव आणि क्षमता बरोबर दिसते का, तेही पाहावे. नाव अजिबात दिसत नसेल आणि केबल, पोर्ट, वीज सगळे बदलून झाले असेल, तर डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून खात्री करावी. नावात विचित्र चिन्हे किंवा क्षमता शून्य दिसत असेल तर तो डिस्कच्या आतला बिघाड आहे. ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’ असा इशारा आल्यास तो शब्दशः घ्यावा.

दुरुस्तीआधी डाटा बाहेर काढणे

डिस्क बायोसला दिसते आणि टकटक करीत नाही, पण विंडोज चढत नाही, अशी स्थिती असेल तर आता डाटाची प्रत घेण्याची वेळ आहे. माझी पसंती डिस्क बाहेर काढून चांगल्या संगणकाला यूएसबी जोडणीने लावण्याला आहे. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क बहुधा यूएसबीच्या विजेवर चालते, परंतु डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॅप्टर लागतो, तेव्हा जोडणी घेताना तो सोबत आहे याची खात्री करावी. डिस्क लावताच नवी विंडोज काही प्रश्न विचारू शकते. ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’ याला नकार द्यावा, ‘स्कॅन अँड फिक्स’ याला नकार द्यावा, आणि डिस्क मॅनेजमेंटने ‘इनिशियलाइज डिस्क’ असे विचारल्यास त्यालाही नकारच द्यावा. या तिन्ही गोष्टी डिस्कवर लिहितात.

दुसरा संगणक नसेल आणि विंडोज ७ ची डीव्हीडी हाताशी असेल, तर एक साधी वाट आहे. पेनड्राइव्ह आधीच लावून ठेवावा, डीव्हीडीवरून सुरू करावे, भाषा निवडल्यावर येणाऱ्या पानावर ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ निवडावे आणि शेवटच्या यादीतून कमांड प्रॉम्प्ट उघडावा. तेथे नोटपॅड असे टाइप केले की नोटपॅड उघडते. त्यातील फाइल, ओपन या खिडकीत ‘ऑल फाइल्स’ निवडल्यावर सगळे ड्राइव्ह दिसतात आणि उजव्या क्लिकने फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतात. प्रगती दाखवणारी पट्टी तेथे दिसत नाही, म्हणून घाई न करता पेनड्राइव्हचा दिवा शांत होईपर्यंत थांबावे.

काय उचलायचे हेही ठरवून ठेवावे. एक्सपीमध्ये वापरकर्त्याच्या फाइली ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ मध्ये आणि विंडोज ७ मध्ये ‘यूजर्स’ मध्ये असतात. डेस्कटॉप त्यातच येतो. टॅलीचा डाटा पुष्कळदा टॅलीच्या मूळ फोल्डरमधील ‘डाटा’ या फोल्डरात असतो. आणि मराठी टंकलेखन करणाऱ्यांनी विंडोजच्या आतील ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर न विसरता घ्यावा. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये लावलेल्या पानांत खरी अक्षरे रोमन संकेतांच्या रूपाने साठवलेली असतात. तो नेमका फॉन्ट नसेल तर फाइल सुखरूप उघडूनही पडद्यावर निरर्थक चिन्हांची ओळ दिसते. पाने वाचवली आणि फॉन्ट गमावला, तर काम अर्धेच झाले असे समजावे.

कॉपी करताना एखाद्या फाइलीवर संगणक मिनिटभर गोठत असेल, तर ती फाइल पुन्हा पुन्हा ओढू नये. तेथे बॅड सेक्टर आहेत, आणि विंडोज हट्टाने तीच जागा वाचत राहते. अशा डिस्कसाठी लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे मोफत साधन अधिक योग्य आहे, कारण ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवते, अडचणीच्या जागांची नोंद एका फाइलीत ठेवते आणि शेवटी त्या जागांकडे परतते. मध्येच वीज गेली तरी त्या नोंदीवरून काम पुढे सुरू करता येते. मात्र आज्ञा देताना कोणती डिस्क मूळ आणि कोणती प्रत, हे क्षमता आणि मॉडेलच्या नावावरून दोनदा पडताळावे. क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते, आणि त्यानंतर करण्यासारखे काही उरत नाही.

डिस्कची प्रकृती कशी वाचावी

डाटा सुरक्षित झाल्यावर ही डिस्क दुरुस्तीयोग्य आहे का, हे ठरवता येते. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन ती दाखवते. त्यातील मूळ आकडे सुरुवातीला षोडशमान पद्धतीत दिसतात, तेव्हा मेनूतून ते दशमान करून घ्यावेत.

चार ओळी पाहाव्यात. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची संख्या. क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर. क्रमांक १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही न सुधारलेले सेक्टर. या तिन्ही ठिकाणी शून्य असेल तर डिस्कची पृष्ठभागाची तक्रार नाही. पाचव्या ओळीत थोडे सेक्टर असून महिनोन्महिने तोच आकडा राहत असेल तर डिस्क कमी महत्त्वाच्या कामाला चालेल. पण आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, किंवा १९७ मध्ये काही असेल, तर त्या डिस्कवर विंडोज पुन्हा बसवण्यात वेळ घालवू नये. क्रमांक १९९ वेगळा आहे: तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील वाहतुकीतील चुका मोजतो, आणि तो वाढत असेल तर बहुधा दोष केबलचा असतो. केबल बदलल्यावर हा आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

याच चुकांमुळे एक्सपीवर आणखी एक विचित्र प्रकार घडतो. डिस्कशी बोलताना सहाहून अधिक वेळा उत्तर वेळेत आले नाही, तर एक्सपी वेगवान डीएमए पद्धत सोडून पीआयओ या जुन्या संथ पद्धतीवर उतरते आणि आपणहून परत वर चढत नाही. संगणक सुरू व्हायला दहा मिनिटे लागतात, माउस अडखळतो, आणि सगळे व्हायरसला दोष देतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या गुणधर्मांत ‘पीआयओ मोड’ दिसत असेल, तर आधी केबल बदलावी, मग तो चॅनल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज तो नव्याने ओळखते आणि वेग परत येतो.

विंडोज ७ मधील बूटची दुरुस्ती

डिस्क ठीक असून बूटच बिघडले असेल, तर सुरू होताना एफ८ दाबत राहावे. ‘लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन’ आधी, मग सेफ मोड, आणि तेही जमले नाही तर ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ मधील स्टार्टअप रिपेअर, असा क्रम ठेवावा. स्टार्टअप रिपेअरला एकदा अपयश आले तर आणखी एक-दोनदा चालवण्यास हरकत नाही, कारण ती अनेकदा एका फेरीत एकच दोष दुरुस्त करते. विंडोज ३२ बिटची असेल तर डीव्हीडीही ३२ बिटचीच लागते. डीव्हीडी नसल्यास तशाच बिटची विंडोज ७ असलेल्या दुसऱ्या संगणकावरून दुरुस्तीची सीडी तयार करता येते.

त्यानेही भागले नाही तर कमांड प्रॉम्प्टवर यावे. येथे एक सापळा आहे. विंडोज ७ बसताना बहुधा १०० एमबीचे एक लहान राखीव पार्टिशन तयार होते, आणि दुरुस्तीच्या वातावरणात त्यालाच अनेकदा सी हे अक्षर मिळते; नेहमीचा सी ड्राइव्ह तेथे डी म्हणून दिसतो. म्हणून प्रत्येक ड्राइव्हवर डीआयआर ही आज्ञा देऊन विंडोज हा फोल्डर कुठे आहे ते आधी पाहावे आणि कागदावर लिहून ठेवावे.

आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत कराव्यात. बूटरेक, मग एक जागा सोडून स्लॅश आणि फिक्सएमबीआर, ही आज्ञा पहिल्या सेक्टरमधील प्रोग्रॅम नव्याने लिहिते आणि पार्टिशनच्या नोंदींना हात लावत नाही. बूटरेक स्लॅश फिक्सबूट ही पार्टिशनचा बूट सेक्टर लिहिते. बूटरेक स्लॅश रिबिल्डबीसीडी ही डिस्कवरील विंडोज शोधून बूटच्या यादीत घ्यायची का असे विचारते. तेव्हा वाय दाबावे. ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ यावर मात्र ती बूटमॅनेजरची फाइलच परत हवी असते. त्यासाठी बीसीडीबूट या आज्ञेपुढे विंडोज फोल्डरचा खरा पत्ता, नंतर स्लॅश एस आणि राखीव पार्टिशनचे अक्षर द्यावे.

‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम’ वारंवार येत असेल तर ॲक्टिव्हची खूण चुकीच्या पार्टिशनवर गेलेली असू शकते. पार्टिशन हाताळणाऱ्या डिस्कपार्ट या साधनामध्ये लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, लिस्ट पार्टिशन, सिलेक्ट पार्टिशन आणि शेवटी ॲक्टिव्ह या क्रमाने ती योग्य जागी आणता येते. याच डिस्कपार्टमध्ये क्लीन नावाची आज्ञा आहे, जी क्षणात सगळी पार्टिशन पुसते आणि खात्री करण्यासाठी एकही प्रश्न विचारत नाही. ती टाइप करण्याचे या कामात कोणतेही कारण नाही.

विंडोज एक्सपीसाठी

एक्सपीच्या सीडीवरून सुरू करून पहिल्या निळ्या पानावर आर दाबले की रिकव्हरी कन्सोल उघडते. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्यावा, आणि मॅप ही आज्ञा देऊन सीडी ड्राइव्हचे अक्षर कोणते ते पाहावे. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ असेल तर सीडीवरील आय३८६ या फोल्डरमधून एनटीएलडीआर आणि एनटीडिटेक्ट.कॉम या दोन फाइली कॉपी आज्ञेने सी ड्राइव्हच्या मुळाशी आणाव्यात. बूट.आयएनआय ही बूटच्या यादीची फाइल बिघडली असेल तर बूटसीएफजी स्लॅश रिबिल्ड ती पुन्हा बांधते. फिक्सबूट आणि फिक्सएमबीआर येथेही आहेत, पण फिक्सएमबीआर बहुधा पार्टिशनच्या नोंदी बिघडू शकतील असा इशारा देते. डिस्कवर जुना व्हायरस असेल किंवा दुसरी एखादी प्रणाली बसवलेली असेल तर तो इशारा खरा ठरू शकतो, म्हणून डाटाची प्रत झालेली नसेल तर येथे एन दाबून मागे फिरावे.

निळ्या पडद्याचा आकडा वाचण्याआधीच संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर एफ८ च्या यादीत ‘डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट ऑन सिस्टीम फेल्युअर’ निवडावे. ७बी चे कारण वर आले आहे. ईडी किंवा २४ असा आकडा फाइल सिस्टीमकडे बोट दाखवतो, आणि चेकडिस्कची पाळी आता, इतक्या सगळ्यानंतर येते. आधी ती कोणत्याही पर्यायाशिवाय चालवावी, म्हणजे ती फक्त पाहते. मग स्लॅश एफ (एक्सपीच्या रिकव्हरी कन्सोलमध्ये स्लॅश पी), ज्याने फाइल सिस्टीमच्या नोंदी दुरुस्त होतात. स्लॅश आर संपूर्ण पृष्ठभाग वाचते, मोठ्या डिस्कवर कित्येक तास घेते आणि दुबळ्या डिस्कला तेवढा वेळ सलग राबवते; स्मार्टच्या ओळी स्वच्छ असतील तरच ती द्यावी. चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते का, ते त्याआधी पाहून घ्यावे.

डिस्क बदलताना

डिस्क बदलण्याचे ठरल्यास विंडोज नव्याने बसवण्यापेक्षा जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर घेणे या संगणकांना अधिक मानवते, कारण डाँगलचे ड्रायव्हर आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या सीडी आता सहज सापडत नाहीत. क्लोनझिला हे मोफत साधन त्यासाठी पुरते; नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी, पण मास्टर बूट रेकॉर्डच्या पद्धतीत दोन टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही हे ध्यानात ठेवावे. साटा जोड असलेल्या संगणकात एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घातल्यास फरक पहिल्याच सुरुवातीला जाणवतो. विंडोज ७ ला एसएसडीसाठी लागणारी ट्रिम ही रिकामी झालेली जागा कळवणारी आज्ञा येते, एक्सपीला येत नाही. शिवाय एक्सपीचे पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होते आणि ते एसएसडीच्या रचनेशी जुळत नाही, म्हणून एक्सपीच्या प्रतीत पार्टिशन २०४८ व्या सेक्टरवर सरकवून घ्यावे.

प्रत झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली नसावी, नाहीतर विंडोज दोन सारख्या डिस्क पाहून ड्राइव्हची अक्षरे उलटसुलट देऊ शकते. नव्या डिस्कवरून पेजमेकरचे एक पान, टॅलीचे एक खाते आणि प्रिंटरवर एक छपाई एवढे करून पाहावे. जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नये. तिच्यावर तारीख आणि संगणकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवून, जाड कागदात गुंडाळून, ओल न लागणाऱ्या कपाटात किमान सहा महिने ठेवावी. एखादा विसरलेला फोल्डर किंवा एखादा फॉन्ट आठवतो तो बहुधा पुढच्या दिवाळी अंकाच्या वेळी.